रुग्णालयात नमाजची खोली: दार, दिशा, पाणी आणि मोकळीक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात पेशंटसोबत आलेले मुस्लिम नातेवाईक जिन्याखाली नाहीतर पार्किंगमध्ये चादर अंथरून नमाज पढतात, आणि विश्वस्तांना ते बघवत नाही. तळमजल्यावरची जुनी रेकॉर्ड रूम रिकामी झाली आहे. उत्तर-दक्षिण १८ फूट, पूर्व-पश्चिम १२ फूट. दार पश्चिमेच्या भिंतीत, दक्षिण कोपऱ्याजवळ. उत्तरेच्या भिंतीत एक बंद खिडकी, पलीकडे ओपीडीचा व्हरांडा. तिथे ‘सर्वधर्मीय प्रार्थना कक्ष’ करायचा ठराव झाला आहे. आणि तुम्ही विचारता की मुस्लिम मंडळींना ही जागा खरोखर आपली वाटावी, तर काय काय करायला हवं.

मी वास्तुविशारद आहे. रुग्णालयं आणि कार्यालयांची आतली कामं करतो, त्यात अशा खोल्याही केल्या आहेत. शिवाय मी मूळचा चिपळूणकडचा कोकणी मुसलमान, त्यामुळे अशा खोल्या वापरतोही. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. खोली चालते की ओस पडते, हे रंगावर, दिव्यांवर किंवा भिंतीवरच्या कोरीवकामावर ठरत नाही. आलेल्या माणसाला कुणाला काही विचारावं लागतं का, त्यावर ठरतं. किल्ली कुणाकडे? पश्चिम कुठली? पाय कुठे धुऊ? बायकांनी आलं तर चालेल का? अशा प्रत्येक प्रश्नापाशी काही माणसं मागे फिरतात. दवाखान्यात आलेला माणूस आधीच दहा खिडक्यांवर अजिजी करून आलेला असतो. नमाजसाठी अकरावी अजिजी तो करत नाही, जिन्याखाली जातो.

म्हणून सगळ्यात आधी कुलपाबद्दल. एका रुग्णालयात खोली सुंदर केली होती, जमिनीवर नवा गालिचा, भिंतीवर घड्याळ. पण किल्ली सुरक्षारक्षकाच्या टेबलावर, आणि शेजारी वही: नाव, मोबाईल, पेशंटचा नंबर, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ. हेतू वाईट नव्हता, सामान चोरीला जाऊ नये एवढाच होता. मी तिथे उभा असताना परभणीकडचे एक चाचा आले, वहीकडे पाहिलं, चष्मा नाही म्हणाले आणि परत गेले. थोड्या वेळाने ते लिफ्टच्या मागे, रिकाम्या सिलिंडरांशेजारी नमाज पढताना दिसले. तुमच्या खोलीला कुलूप नको. चोवीस तास उघडी, दिव्याचं बटण दाराच्या आत लगेच हाताला लागेल असं, आणि आत चोरण्यासारखं काही ठेवायचंच नाही. कॅमेरा हवा असेल तर बाहेर व्हरांड्यात, खोलीत अजिबात नको. बायकांच्या भागात कॅमेरा आहे अशी नुसती शंका आली तरी तो भाग संपला.

आता दार. तुमच्या खोलीची खरी अडचण तेच आहे आणि ते नकाशावर सहज सुटून जातं. आपल्याकडून किब्ला, म्हणजे मक्केतल्या काबेची दिशा, पश्चिमेला येते. तुमचं दार पश्चिमेच्या भिंतीत आहे. म्हणजे प्रत्येक येणारा माणूस नमाज पढणाऱ्यांच्या तोंडासमोरून आत शिरणार. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नाही, हा आमच्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेला नियम आहे. त्यामुळे येणारा दारातच अवघडून उभा राहील, आणि आतल्याचं चित्त दार वाजलं की उडेल. दार बंद करून दुसरीकडे काढता आलं तर उत्तमच, पण पश्चिमेलाच कॉरिडॉर असेल तर ते जमणार नाही. मग दक्षिणेच्या भिंतीला लागून चार फुटांची पट्टी आडोसा घालून वेगळी काढा. दारातून आलेला माणूस या पट्टीत शिरेल, बाकावर बसून चपला काढेल, मांडणीत ठेवेल, आणि आडोशामागून चालत पूर्वेच्या टोकाला जाऊन नमाजींच्या पाठीमागून आत येईल. आडोसा छतापर्यंत नको. साडेपाच-सहा फूट पुरे, वरून हवा खेळू द्या. त्या पट्टीची वाट व्हीलचेअरला पुरेल इतकी मोकळी ठेवा. म्हणजे बाक भिंतीला लागून घडीचा, आणि चपलांची मांडणी उथळ, उभी.

उरली १४ बाय १२ ची जागा. त्यातल्या उत्तरेकडच्या साडेपाच फुटांत बायकांचा भाग करा. तिथली बंद खिडकी इथे कामाला येते. खिडकीच्या वर लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, आधीच असतं, तेवढ्याच रुंदीत खिडकीखालची भिंत उतरवली की दार तयार होतं. वरच्या बांधकामाला हात लावावा लागत नाही. तरी रुंदी किमान तीन फूट भरते का ते मोजा, आणि तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या. बायकांना वेगळं दार मिळालं की त्यांना पुरुषांच्या रांगेमागून जावं लागत नाही, आणि पुरुषांनाही नजर चोरत उभं राहावं लागत नाही.

या बायकांच्या भागाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच बहुतेक ठिकाणी हात आखडता घेतला जातो. ‘मुस्लिम बायका घरीच नमाज पढतात’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, कदाचित तुमच्याच स्टाफमधला एखादा मुस्लिम पुरुष सांगेल. पण आयसीयूबाहेर तीन दिवस बसलेल्या आईला घर कुठे आहे? मशिदीत बायकांना प्रवेश मिळावा म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती पुण्याच्याच एका दाम्पत्याने, आणि जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजसाठी येण्याची मुभा आहे. मशिदीत सगळीकडे जागा असतेच असं नाही, ही वस्तुस्थिती आहे. तुमच्या दवाखान्यात ती असेल तर त्या बाईला ते कायम लक्षात राहील.

या भागात काय लागेल ते नर्सेसना आणि आयांना विचारा, पुरुषांच्या बैठकीत विचारू नका. मला कळलं ते असं: दोन-तीन मोठ्या सुती ओढण्या, रोज धुतलेल्या, कारण साडी नेसलेल्या किंवा घाईत आलेल्या बाईकडे डोकं आणि हात झाकायला काही नसतं. पिशवी आणि बुरखा अडकवायला भक्कम खुंट्या. लहान मुलाला निजवायला कोपऱ्यात जाड चटई. आरसा नमाजच्या जागेत नको, वजूच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या जागी असू द्या. पडदा जाड आणि जमिनीपर्यंत हवा, मधे फट राहिली की उपयोग नाही. आणि एक समज सगळ्या स्टाफला द्या: पाळीच्या दिवसांत बाई नमाज पढत नाही, म्हणून ‘आज आल्या नाहीत?’ असं सहज म्हणूनसुद्धा विचारायचं नाही.

दिशेकडे वळू. ‘पश्चिम’ म्हणून भिंतीला काटकोनात चटया टाकल्या की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मोबाईल काढतो, बाण तिरका दाखवतो, आणि खोलीत दोन मतं होतात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं तर पुण्याहून किब्ला २८१ अंशांवर आहे. सरळ पश्चिमेपासून ११ अंश उत्तरेकडे. मुंबईत तो २८० च्या आसपास, नागपूरला २७८, कोल्हापूरला २८४. अकरा अंशांचा फरक धर्माच्या दृष्टीने किती, यावर मतं वेगळी आहेत. हनफी आणि शाफई या सुन्नी मुसलमानांतल्या धर्मनियमांच्या दोन परंपरा. हनफी मंडळी दूरच्या माणसाला ढोबळ दिशा पुरेशी मानतात. आम्ही शाफई नेमक्या दिशेबद्दल जरा काटेकोर. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मशिदी सरळ पश्चिमेला आहेत आणि तिथे शतकानुशतकं नमाज होते आहे. पण नवी जागा करताय तर पहिल्यापासून नेमकी रेघ आखा, वाद जन्मालाच येणार नाही.

रेघ आखायला मोबाईलचं होकायंत्र वापरू नका. स्लॅबमधलं लोखंड, लिफ्ट, विजेचे पॅनेल त्याला फिरवतात, आणि एमआरआय जवळ असेल तर विचारायलाच नको. उपग्रहाच्या नकाशावर तुमच्या इमारतीपासून काबेपर्यंत रेषा ओढा आणि ती इमारतीच्या बाहेरच्या भिंतीशी किती अंशाचा कोन करते ते मोजा. तोच कोन आत उतरवा. याहून सुंदर रीत सूर्याची आहे. दर वर्षी २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी (आपली वेळ) सूर्य काबेच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी गच्चीवर ओळंबा टांगा. दोरीची सावली जिथे पडते त्याच्या नेमकी उलट, सूर्याकडची दिशा म्हणजे किब्ला. जुलैत आपल्याकडे ढग, त्यामुळे मेची तारीख धरा. एक-दोन दिवस मागेपुढे झालं तरी चालतं. मी गवंड्याला आणि दोन-तीन मुस्लिम कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन हे करतो. ज्यांनी स्वतः सावलीवर खडूने रेघ ओढली, ते पुढे मोबाईल काढणाऱ्याला समजावतात. तुम्हाला समजवावं लागत नाही.

जमिनीवर या दिशेने रांगांच्या रेषा रंगवा किंवा लाद्यांत पट्टी बसवा. प्रत्येक रांगेला, म्हणजे सफला, चार फूट खोली लागते, कारण सजद्यात माणूस पुढे कपाळ टेकवतो. माणशी रुंदी दोन ते सव्वादोन फूट. तिरक्या रांगांमुळे कोपऱ्यांत तिकोनी जागा उरतील. तिथे कपाट, बिनहातांच्या दोन-तीन खुर्च्या, कुराणासाठी उंच फळी. असं धरून पुरुषांकडे एका वेळी आठ जण आणि थोडा पुढे उभा इमाम, बायकांकडे चार जणी. खुर्च्या रांगेच्या टोकाला ठेवायच्या, मधे नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस खुर्चीवर बसूनही जमातीत, म्हणजे इमामामागच्या एकत्र नमाजात, सामील होऊ शकतो.

आठच जण? पुरेसे आहेत का, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी गर्दी कोणत्या नमाजला होते ते बघावं लागतं. लोक दुपारच्या जोहरवरून हिशेब करतात आणि फसतात. जोहर पुण्यात वर्षभरात साडेबाराच्या आगेमागे सुरू होते आणि असरपर्यंत, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजपर्यंत, वेळ असतो, माणसं एकेक करून येतात. असरमध्येही लोक विभागले जातात. कोकणातली शाफई मंडळी लवकरच्या वेळी पढतात, मराठवाड्याकडची हनफी मंडळी त्यानंतर तासाभराने. खरी गर्दी मगरीबला. सूर्य बुडाला की सगळे एकदम येतात. ही वेळ नोव्हेंबरात सहाच्या आत, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास, आणि हीच बहुधा तुमची भेटीची वेळ. म्हणून मोजणी मगरीबला करा. एका जमातीत मावले नाहीत तर दहा मिनिटांनी दुसरी जमात उभी राहते. तीन रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, फर्ज (सक्तीची) आणि दोन सुन्नत (पैगंबरांच्या रिवाजाची), एवढंच असतं. पाच-दहा मिनिटं थांबायला बाहेर दोन बाक ठेवा. रात्रीच्या इशाला आणि पहाटेच्या फजरला मोजके लोक असतात, पण त्यांच्यासाठीच तर चोवीस तास दार उघडं हवं. उन्हाळ्यात फजर साडेचारच्या सुमारास सुरू होते, तेव्हा सगळा तळमजला बंद असतो आणि गार्ड झोपेत असतो.

शुक्रवारच्या जुम्म्याची जबाबदारी घेऊ नका. जुम्म्याला मोठी जमात आणि खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, असतो, त्यासाठी लोक मशिदीत जातात आणि तेच योग्य आहे. तुम्ही जवळच्या मशिदीचं नाव, वेळ आणि पायी किती मिनिटं ते दाराजवळ लिहून ठेवा, आणि मुस्लिम कर्मचाऱ्यांना त्या दुपारी तास-सव्वा तासाची सवड द्या. ड्युटीचा तक्ता लावताना हे आधीच धरलं तर दर शुक्रवारी रजा मागायची वेळ येत नाही.

आता पाणी. नमाजच्या आधी वजू करावा लागतो. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, आणि घोट्यापर्यंत पाय. यातले पायच तुम्हाला अडचणीत आणतात. जागा नसली की माणूस एका पायावर उभा राहून दुसरा पाय बेसिनमध्ये घालतो. बेसिन भिंतीतून निखळतं, जमिनीवर पाणी होतं, म्हातारा माणूस घसरतो, आणि मावशी तक्रार करतात. मग कुणीतरी ‘येथे पाय धुऊ नये’ अशी पाटी लावतं. त्या पाटीचा अर्थ ‘येथे नमाजला येऊ नये’ असाच होतो. पाटीऐवजी बसायची जागा करा. जुन्या लोकांनी हे फार देखणं केलं आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या साफा मशिदीशेजारचा जांभ्या दगडाचा तलाव पाहा, किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीतला, जिथे मशीदच जुन्या तळ्यावर उभी आहे. पाण्याकाठी निवांत बसण्याची जागा हा मशिदीतला सगळ्यात आपुलकीचा कोपरा असतो.

तुम्हाला पुरुषांच्या आणि बायकांच्या टॉयलेटजवळ, पण टॉयलेटच्या आत नव्हे, दोन-दोन बैठका पुरतील. सोळा इंच उंचीचा ओटा, समोर उथळ पन्हाळ, दोन बैठकांत अडीच फूट अंतर. नळ पन्हाळीच्या तळापासून फूटभर वर, म्हणजे पाय खाली सहज जातो आणि पाणी उडत नाही. पन्हाळीला चांगला उतार, टोकाला काढून धुता येणारी जाळी, खाली ट्रॅप. लाद्या खडबडीत. एका बैठकीशेजारी धरायला भक्कम दांडी. दाबल्यावर आपोआप बंद होणारे नळ इथे लावू नका. दोन्ही हात कामात असतात, माणूस चारदा नळ दाबत बसतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा साधा नळ आणि त्याला पाणी कमी सोडणारी जाळी लावली की झालं. पैगंबरांनी एका मुद्दभर पाण्यात, म्हणजे अंदाजे पाऊण लिटरच्या आतच, वजू केल्याची हदीस, म्हणजे त्यांच्याबद्दलची परंपरेने आलेली आठवण, आहे. ती सुरेख अक्षरात नळावर लिहून लावा. ‘पाणी वाया घालवू नका’ या सरकारी पाटीपेक्षा ती माणसाच्या मनाला लागते. आणि वजूच्या पाण्यात साबण नसतो, ते बागेकडे वळवता येतं. प्लंबरला पाइप कुठून नेतोस ते मात्र आधी विचारा. खाली तळघरात एक्स-रे किंवा विजेची खोली असेल तर मार्ग बदला.

ओल्या पायांनी लोक थेट चटईवर आले तर पावसाळ्यात पंधरा दिवसांत वास सुटतो. वजूच्या जागेपासून खोलीपर्यंत वापरायला रबरी चपलांचे पाच-सहा जोड ठेवा, खोलीच्या उंबऱ्याशी पाणी शोषणारं पायपुसणं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा दवाखान्यात मला पटत नाही. तुमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरलाही पटणार नाही. खाली धुता येणारी लाइनर किंवा चटई, तिच्यावर सुती सतरंज्या किंवा सोलापुरी चादरी, ज्या वॉर्डच्या चादरींबरोबर धोबीखान्यात जातील. दोन संच ठेवा. चादरीवर मोर, हत्ती अशी नक्षी नको, साधे पट्टे असू द्या. वेगळ्या जानमाज, म्हणजे नमाजच्या छोट्या सतरंज्या, कपाटात घडी करून ठेवल्या की ज्याला हवी तो घेतो.

आता तुमच्या ठरावातला शब्द, सर्वधर्मीय. विश्वस्तांच्या मनात बहुधा चार भिंतींवर चार धर्मांची चिन्हं आहेत. मी त्याला स्पष्ट नकार देईन. समोर मूर्ती किंवा चित्र असेल तर मुसलमान मनापासून नमाज पढू शकत नाही, आणि ओम, क्रॉस, चंद्रकोर एका ओळीत रंगवलेली भिंत कुणालाच स्वतःची वाटत नाही. सगळ्या भिंती मोकळ्या ठेवा. पूर्वेच्या भिंतीत दारांचं कपाट करा, त्यात खणाखणांत गीता, बायबल, बुद्धमूर्ती, गणपतीचा फोटो, कुराण, जपमाळा. कुराणाचा खण सगळ्यात वरचा. ज्याला जे हवं ते काढावं, प्रार्थना करावी, परत ठेवावं. उदबत्ती आणि ज्योत ऑक्सिजनच्या लाइनमुळे तशीही चालणार नाही, बॅटरीचा दिवा ठेवा.

एक गोष्ट विश्वस्तांसमोर मोकळेपणाने मांडा. तुमच्या दवाखान्याच्या प्रवेशद्वाराशी गणपतीचं किंवा साईबाबांचं मंदिर असणारच, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतं, आणि येणारा हिंदू माणूस आत शिरतानाच हात जोडून घेतो. त्यामुळे ही खोली दिवसातून पाच वेळा मुख्यतः मुसलमान वापरणार. हे आधीच मान्य केलं तर सहा महिन्यांनी ‘ही तर त्यांचीच खोली झाली’ अशी कुरबुर होत नाही. बाकीच्या वेळी केरळच्या ख्रिस्ती नर्स येतील, इगतपुरीला शिबिर केलेला कुणी तासभर विपश्यनेला बसेल, कुणी नुसतं रडायला येईल. कुणाचाही जप, भजन किंवा तिलावत (कुराणपठण) मोठ्याने नको. लाऊडस्पीकरवर अजान नको. जमातीतल्या इमामाचा बोलण्याइतका आवाज चालतो. दारावरची पाटी मराठी, उर्दू आणि इंग्रजीत: ‘प्रार्थना आणि शांततेची खोली. सर्वांसाठी, चोवीस तास.’ आणि पाच नमाजांच्या वेळांचा महिन्याचा तक्ता, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल की गर्दी कधी.

विश्वस्तांची दुसरी भीती ते उघड बोलत नाहीत: उद्या इथे मशीद झाली म्हणून कुणी दावा केला तर? मशीद वक्फ असते, ती कायमची त्या कामाला वाहिलेली असते. ही रुग्णालयाच्या मालकीची, रुग्णालयाने चालवलेली सोय आहे, हे ठरावात एका वाक्यात लिहा. मुस्लिम कर्मचाऱ्यांना ते वाचून दाखवा. त्यांना ते मान्यच असतं. उलट त्यामुळे त्यांचीही एक अडचण सुटते: मशिदीत दुसरी जमात उभी करण्याबद्दल हनफी उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, आक्षेप असतो, साध्या नमाजच्या खोलीत तो येत नाही.

खोली कुणा एका गटाच्या हाती देऊ नका. आमच्यातही बरेलवी, देवबंदी, अहले हदीस, शिया, बोहरी असे पंथ आहेत. कुणी आमीन मोठ्याने म्हणतो, कुणी मनात. शिया नमाजी सजद्याच्या जागी मातीची छोटी टिकली ठेवतात, तिच्यासाठी कपाटात एक डबी असू द्या, आणि ते दुपारच्या दोन नमाज जोडून पढतात. बोहरी मंडळी बहुधा स्वतःचा मुसल्ला, म्हणजे नमाजचं आसन, आणतात. खोलीत कुठलीही पत्रकं, वर्गणीच्या पेट्या, तकरीरीच्या (धार्मिक भाषणांच्या) जाहिराती नकोत. देखभाल हाऊसकीपिंगकडेच राहू द्या, देणगीदार कितीही मोठा असला तरी.

दोन गोष्टी फक्त दवाखान्यालाच लागू होतात. पहिली म्हणजे स्पीकर. आयसीयूबाहेरचे नातेवाईक नमाज चुकवतात याचं सगळ्यात मोठं कारण असं की आपण आत असताना नाव पुकारलं गेलं तर काय, ही धास्ती. रुग्णालयाच्या घोषणा त्या खोलीत स्पष्ट ऐकू येतील अशी सोय करा. नमाज पढणारा माणूस हाकेला उत्तर देत नाही, हे स्टाफला सांगा, आणि जीवावरचं काम असेल तर तो नमाज मोडू शकतो, तशी मुभा आहे, हेही सांगा. आयसीयूत बोलावलं आहे एवढं शेजारी उभं राहून शांतपणे म्हटलं की पुरे. खांद्याला धरून हलवायचं नाही.

दुसरी गोष्ट पेशंटची. जो खाटेवरून उठू शकत नाही तो झोपून, इशाऱ्याने नमाज पढतो. त्याच्यासाठी वॉर्डात किब्ल्याच्या बाजूला छताजवळ छोटा हिरवा बाण चिकटवा. पाणी चालत नसेल तर मातीवर हात टेकवून तयम्मुम करतात. हनफी माणसाला स्वच्छ दगड किंवा वीट चालते, शाफईला धूळ असलेली माती लागते. नर्सिंग स्टेशनवर झाकणाच्या डब्यात एक धुतलेला खडबडीत दगड आणि एका वेगळ्या पाकिटात निर्जंतुक केलेली माती, एवढं पुरतं. आयसीयूत आणि भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात माती न्यायची नाही, तिथे डॉक्टर सांगतील तसं.

खोलीत प्लगपॉइंट ठेवू नका. एक सॉकेट असला की रात्री चार मोबाईल चार्जिंगला लागतात, मग उशा येतात, डबे येतात, आणि पहाटे फजरला आलेल्या माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. पण झोपायला जागा नाही म्हणूनच लोक तिथे झोपतात. नातेवाईकांसाठी वेगळी झोपायची जागा आणि चार्जिंगचा फळा त्याच कामाच्या खर्चात धरा, नुसत्या मनाईने भागणार नाही. रमजानसाठीही तसंच: इफ्तारीची खजूर आणि पाणी व्हरांड्यातल्या टेबलावर, चटईवर नाही. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तो आता फेब्रुवारीत येऊ लागला आहे आणि पुढची काही वर्षं थंडीकडे सरकेल, म्हणजे साडेसहाच्या आसपासच इफ्तार, ऐन ओपीडीच्या गर्दीत. त्या टेबलाची जागा नकाशातच दाखवून ठेवा.

कामाला हात घालण्याआधी मगरीबच्या वेळी तीन-चार दिवस त्या जिन्याखाली जाऊन किती जण येतात, त्यांत बायका किती, पाय कुठे धुतात, हे पाहून घ्या, आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांना ही रिकामी खोली दाखवा. मग नकाशावर खिडकीची रुंदी, टॉयलेटच्या ड्रेनेजची जागा आणि खाली तळघर असेल तर तिथे काय आहे ते टाकून इथेच द्या. पाण्याचा उतार बसतो का ते बघून पन्हाळीची जागा सांगतो.